वळचण म्हणजे छज्जा का?

कौलारू: पेंचच्या सीमेवरच्या अतिथिगृहासाठी बांधकामसूचनांचा मसुदा आहे. (महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं क्षेत्र, झाला, तेव्हा दिव्यांचे नियम आलेच.) मूळ वाक्य होतं, 'वळचणीत चिमण्यांना जागा ठेवावी, तिथे दिवा नको.' तपासणाऱ्यांनी 'वळचण' खोडून 'छज्जा' केलं. चालेल? शिवाय 'फुल कट-ऑफ' (वर उजेड न सांडणाऱ्या) दिव्याला मराठीत काय म्हणायचं?

रीप: अजिबात नाही. छज्जा खिडकीवरचा, सिमेंटचा, सपाट. त्याखाली घरट्याला आधार कुठला? वळचण उतरत्या छपराची. भिंतीचा माथा आणि पुढे आलेले वासे यांच्यातली पोकळी, चिमणी तिथेच शिरते.

तात्या_वासे: पोकळी नव्हे हो, कडा! पागोळ्या गळतात ती. 'वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही' यात पोकळी कुठाय?

रीप: मग 'वळचणीला येणं' म्हणजे कडेला लोंबकळणं? असो. स्लॅबच्या इमारतीत पेटीच बसवावी लागेल. भोक ३२ मिलिमीटर, मोठं ठेवलं की साळुंकी घुसते. पेटी लाकडी हवी, पश्चिमेच्या उन्हात नको. पत्र्याची विदर्भात मे महिन्यात भट्टी होते, पिल्लं मरतात.

शुद्धमती: 'फुल कट-ऑफ'ला 'पूर्णछेदी प्रकाशिका'.

दीपमाळ: वायरमन विचारेल, छेद कुठे पाडू? 'झापडीचा दिवा' म्हणा. घाण्याच्या बैलाला असते तीच झापड. इथे नको तिकडे उजेड जाऊ नये म्हणून. बल्ब झापडीच्या आतच, तोंड सरळ जमिनीकडे, आडव्या रेषेच्या वर उजेड शून्य. 'तिरका लावू नये' हे ठळक लिहा. अंगणात लांबवर उजेड पडावा म्हणून दिवा दहा-पंधरा अंश वर उचलतात, आणि झापड असून नसल्यासारखी. रंग २७०० केल्विन किंवा त्याखालचा, म्हणजे पिवळसर. निळसर पांढऱ्यावर किडे जास्त येतात, मागोमाग पाली.

शुद्धमती: 'झापडबंद' ही शिवी आहे. 'टोपीचा दिवा' बरा.

तात्या_वासे: टोपी तर ठेकेदार घालतोच.

कौलारू: बरं, 'रात्री दहानंतर दिवे मालवावेत' ठेवलंय.

शुद्धमती: ज्योत मालवतात. बटणाचा दिवा बंद करतात.

रीप: कोल्हापुरात लाईट 'घालवतात'.

तात्या_वासे: आणि वळचण कडाच.