मदत हवी आहे : द्वेषमूलक भाषणाचे कायदे, देशोदेशीचे

मंडळी, भाचीला इथे इंदूरला लॉच्या दुसऱ्या वर्षाला तुलनात्मक टिपण लिहायचंय. अमेरिकेचं कळलं : १९६९च्या ब्रँडनबर्ग निकालानुसार तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्यासाठी चिथावणी असेल आणि ते घडण्याची शक्यताही असेल, तरच शिक्षा. जर्मनीत दंडसंहितेच्या कलम १३० खाली होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) जाहीरपणे नाकारणंही गुन्हा. आपलं भारतीय दंड संहितेचं कलम १५३-अ (गटागटांत वैर पसरवणं) आता भारतीय न्याय संहितेत १९६ झालंय.

घोडं अडलंय कॅनडापाशी. १९९०च्या कीगस्ट्रा निकालात तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणतं, द्वेषमूलक भाषणाविरुद्धच्या कायद्याने अभिव्यक्तिस्वातंत्र्याला बाधा येते, तरी ती समर्थनीय! (चार विरुद्ध तीन, म्हणजे न्यायमूर्तींचंही एकमत नव्हतंच.) आपल्या राज्यघटनेच्या कलम १९(२) मधले ‘वाजवी निर्बंध’ याच कसोटीवर तपासतात का? पोहे-जिलेबीवर वाद घालणारे इथे ढीगभर आहेत, निकाल वाचलेलं कुणी सापडेना. जाणकारांनी सांगावं, मराठीत वाचण्याजोगं काही असल्यास तेही. टिपण सोमवारी द्यायचंय.