मदत हवी आहे: साखर कारखान्याच्या काट्याच्या डेटाबेससाठी कोणती एसएसडी घ्यावी?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी,

कोल्हापूर भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळतो. हंगाम सुरू व्हायच्या आत काट्याचा सर्व्हर बदलायचा आहे आणि स्टोरेजवरून खरेदी समितीत गाडं अडलंय. जाणकारांचं मत हवंय.

आधी कामाचं स्वरूप सांगतो. गाळप चालू असताना वजनकाटे रात्रंदिवस चालतात. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन पडतं. ऊस गव्हाणीत उतरला की तीच गाडी रिकामी होऊन परत येते, दुसरं वजन पडतं, मग मोळी बांधणीची वजावट होऊन निव्वळ वजनाची पावती निघते. शेतकऱ्याचं बिल, तोडणीच्या टोळ्यांची मजुरी, वाहतूकदाराचं भाडं, सगळं याच नोंदीवर उभं असतं. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस आल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यामुळे चुकलेली नोंद शोधत बसायला सवड नसते. पावती हातात पडली आणि सर्व्हरवर नोंदच नाही, असं एकदाही होता कामा नये. ही माझी पहिली अट, वेग त्यानंतर.

सध्या लिनक्सवर पोस्टग्रेस (डेटाबेस सॉफ्टवेअर) आहे, डेटाबेस साधारण 40 जीबीचा, रॅम 64 जीबी. चार एसएएस हार्ड डिस्क, 10,000 आरपीएमच्या, रेड 5 मध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा राहील अशी जोडणी). संध्याकाळी गाड्यांची रांग लागली आणि त्याच वेळी शेती विभागानं पंधरवडा बिलाची प्रोसेस लावली, की पावतीची खिडकी तुंबते. ड्रायव्हर खाली उतरून उभे राहतात आणि मागची रांग रस्त्यापर्यंत जाते.

दोन कोटेशन आली आहेत.

पहिल्यात डेस्कटॉपमध्ये बसते तसली एम.2 एनव्हीएमई (एम.2 म्हणजे बोर्डावर बसणारी पट्टी, एनव्हीएमई ही एसएसडीची वेगवान जोडणी), 2 टीबीच्या दोन. खोक्यावर वाचनाचा वेग सेकंदाला 7,000 एमबीच्या वर. दुसऱ्यात सर्व्हरसाठीची सॅमसंग पीएम9ए3, यू.2 (2.5 इंची खणात बसणारी एनव्हीएमई), 960 जीबीच्या दोन. जागा निम्म्याहून कमी, लिहिण्याचा वेग कागदावर बराच कमी आणि पैसे जास्त.

एका संचालकांनी सरळ विचारलं, "जागा दुप्पट, वेग जास्त, दर कमी, मग दुसरं कशाला?" प्रश्न रास्त आहे. सभासदांचा पैसा आहे, "सर्व्हरची डिस्क चांगली असते" एवढ्यावर मी त्यांना सही मागू शकत नाही. दुसरीत पॉवर लॉस प्रोटेक्शन (वीज अचानक गेली तरी लेखन वाचवणारी सोय) आहे हे माहीत आहे, पण आमच्याकडे यूपीएस आहे, जनरेटर आहे. तरीही ते लागतं का? आणि रोज किती लेखन झेलणारी डिस्क घ्यावी, 1 डीडब्ल्यूपीडी (वॉरंटीभर रोज एकदा अख्खी डिस्क लिहिता येईल इतकी) की 3?

बिनतारी

यूपीएसचा मुद्दा आधी. यूपीएस भिंतीतून येणारी वीज सांभाळतो. सर्व्हरचा पॉवर सप्लाय गेला, कुणी पॉवर बटण दाबून धरलं, रॅकमागची केबल ओढली गेली किंवा यूपीएसच ट्रिप झाला, तर तो काहीच करू शकत नाही.

पण समितीला पटेल असा मुद्दा वेगळाच आहे. पोस्टग्रेस प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंद पक्की करताना, डब्ल्यूएएल फाइलवर (बदल आधी जिथे लिहिले जातात ती फाइल) एफसिंक करतं, म्हणजे "हे आता कायमचं लिहिलं गेलंय ना?" असं डिस्कला विचारून उत्तराची वाट बघतं. साध्या एसएसडीचा कॅश (तात्पुरती साठवण) डीरॅममध्ये असतो आणि वीज गेली की तो पुसला जातो. त्यामुळे प्रामाणिकपणे "हो" म्हणायचं तर तिला मजकूर खरोखर फ्लॅशवर (वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या चिपवर) उतरवावा लागतो, आणि फ्लॅशवर लिहिणं डीरॅमच्या मानानं फार सावकाश असतं. पॉवर लॉस प्रोटेक्शनवाल्या डिस्कवर कपॅसिटर असतात. वीज तुटली तरी कॅशमधलं सगळं फ्लॅशवर उतरवण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात साठवलेली असते. म्हणून ती डिस्क मजकूर कॅशमध्ये येताच "हो" म्हणू शकते आणि ते खोटं ठरत नाही. त्या कपॅसिटरमुळे सुरक्षितता मिळतेच, पण कमिटचा वेगही त्यातूनच येतो.

खोक्यावरचे 7,000 एमबी म्हणजे मोठी फाइल सलग वाचतानाचा आकडा. तुमचा डेटाबेस 40 जीबी आणि रॅम 64 जीबी, म्हणजे वाचन बहुतेक रॅममधूनच होत असणार. काट्यावर पडतं ते लहान लेखन, पोस्टग्रेसचं पान 8 केबीचं, आणि प्रत्येक पावतीमागे एक थांबा. त्या आकड्याचा या कामाशी जवळपास संबंध नाही.

विक्रेत्याकडून दोन्ही प्रकारची एकेक डिस्क चाचणीला मागा. पोस्टग्रेससोबत पीजी_टेस्ट_एफसिंक नावाचं साधन येतं, ते दोन्हींवर चालवा आणि आलेला कागद समितीपुढे ठेवा.

रेडवाला

एक महत्त्वाचं विचारायचं राहिलं. जुन्या सर्व्हरमधल्या रेड कार्डवर बॅटरी आहे का?

असेल तर वीज गेली तरी कार्डाच्या कॅशमधला मजकूर टिकतो, म्हणजे आज एफसिंकला "हो" ते कार्ड म्हणतंय, डिस्क नव्हे. एनव्हीएमई बहुतेक वेळा थेट प्रोसेसरला जोडलेली असते, मध्ये ते कार्ड नसतं. अशा वेळी साधी एसएसडी लावली तर एकेका कमिटला आजच्यापेक्षाही जास्त वेळ लागू शकतो. नवी डिस्क लावूनही पावती सावकाश का, याचं कोडं बऱ्याच जणांना पडतं ते यामुळेच.

आणि पुन्हा रेड 5 करू नका. त्यात लहानसं लेखन करायचं तर जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला ठेवलेला हिशेब) वाच, नवा डेटा लिही, नवी पॅरिटी लिही, अशी चार कामं होतात. दोन डिस्कचं रेड 1 (दोन्हींवर एकच डेटा) तुम्हाला पुरेल, लिनक्सचं एमडीएडीएम (रेड सांभाळणारं साधन) चालेल.

पंचगंगाकाठ

बॅटरी आहे, आत्ताच कार्डाच्या युटिलिटीत बघितलं. हा मुद्दा मला कुठल्याही विक्रेत्यानं सांगितला नव्हता. मनापासून आभार. चाचणीला डिस्क मागवल्या आहेत.

सहा_वर्षे_डीबीए

डीडब्ल्यूपीडीबद्दल. 960 जीबीची, 1 डीडब्ल्यूपीडीची, पाच वर्षांच्या वॉरंटीची डिस्क म्हणजे 0.96 गुणिले 365 गुणिले 5, जवळपास 1,752 टीबी लेखन. तुमचं रोजचं लेखन मोजा: चोवीस तासांच्या अंतरानं डब्ल्यूएएलचं स्थान बघून वजाबाकी करा, त्यात टेबलांचं लेखन धरा. समजा सगळं मिळून रोज 60 जीबी झालं, तरी पाच वर्षांत 110 टीबीच्या आसपास. 3 डीडब्ल्यूपीडीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

मात्र याच हिशेबानं पहिल्या कोटेशनमधली डिस्कही टिकेल, तसल्या 2 टीबी डिस्कना बहुधा 1,200 टीबीडब्ल्यूची (एकूण इतके टीबी लेखन) हमी असते. म्हणून समितीत टिकाऊपणावर वाद घालू नका. तो मुद्दा तुमच्या बाजूचा नाही आणि कुणी हिशेब मांडला तर बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडेल. कपॅसिटर आणि एफसिंक, एवढंच धरून ठेवा.

दुसरं, फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईनं सूचना काढली होती की त्यांच्या काही एसएएस एसएसडी 32,768 तास चालल्यावर बंद पडतील आणि डेटा परत मिळणार नाही, तातडीनं फर्मवेअर बदला. 32,768 तास म्हणजे पावणेचार वर्षांच्या आत-बाहेर. रेडमधल्या दोन्ही डिस्क एकाच दिवशी चालू केल्या असतील तर दोन्ही एकाच वेळी जाणार, मग रेड 1 काय कामाचं? म्हणून काट्यावर लावण्याआधी फर्मवेअर ताजं करा. जमलं तर दुसरी डिस्क वेगळ्या मॉडेलची घ्या, उदाहरणार्थ मायक्रॉन 7450 प्रो. तीही 1 डीडब्ल्यूपीडी वर्गातली आहे आणि तिच्यातही पॉवर लॉस प्रोटेक्शन आहे. दोहोंपैकी कमी क्षमतेच्या डिस्कएवढीच जागा मिळेल, पण तुम्हाला तेवढी भरपूर आहे.

पंचगंगाकाठ

चाचणी झाली. एकच मशीन, एकच पोस्टग्रेस. साधी डिस्क सेकंदाला काहीशे एफसिंकवर अडकली, पीएम9ए3 हजारोंच्या घरात गेली. काटा प्रोग्रामची नक्कल चालवून मागे पंधरवडा बिलाची प्रोसेस लावली, तेव्हा फरक डोळ्यांनी दिसला: साध्या डिस्कवर पावती अडखळत होती, दुसरीवर बिलाची प्रोसेस चालू आहे हे जाणवतही नव्हतं. ज्या संचालकांनी प्रश्न विचारला होता ते स्वतः शेजारी बसून बघत होते. त्यांनीच आता दुसऱ्या कोटेशनची शिफारस केली आहे.

एक सूचना मला इथल्याच एका खासगी निरोपातून आली, की सिंक्रोनस_कमिट (कमिटला डिस्कच्या उत्तरासाठी थांबण्याची पोस्टग्रेसची सेटिंग) बंद करा, साधी डिस्कही पळेल. पळेल हे खरं, पण सर्व्हर कोसळला तर शेवटच्या काही क्षणांच्या पावत्या जातील. डेटाबेस शाबूत राहील, शेतकऱ्याचं वजन राहणार नाही. ते मी करणार नाही.

आता फक्त एक अडचण उरली. सर्व्हरच्या पुढच्या खणांत यू.2 बसेल का?

रेडवाला

नुसतं 2.5 इंचाचा खण बघून ठरवू नका. बॅकप्लेन (खणांमागचा, डिस्क जोडणारा बोर्ड) फक्त सॅटा-एसएएसचा असेल तर यू.2 एनव्हीएमई त्यात चालणार नाही. ऑर्डरवर "एनव्हीएमई बॅकप्लेन" असं लिहून घ्या. तो मिळत नसेल तर यू.2 बसवायचं पीसीआयई कार्ड मिळतं, पण मग डिस्क बदलायला सर्व्हर बंद करून उघडावा लागेल. हंगामात ते परवडणार नाही, त्यामुळे बॅकप्लेनच बघा. एम.2 घ्यायचा विचार आला तर सर्व्हरच्या प्रतीची एम.2 बऱ्याचदा 110 मिमी लांब असते, अनेक बोर्डांवर 80 मिमीचीच जागा असते. तेही मोजून घ्या.

आणि बॅकअप वेगळ्या मशीनवर. रेड 1 मध्ये चुकून उडालेलं टेबल दोन्हीकडून एकदमच उडतं. डब्ल्यूएएल आर्काइव्ह करून शेती विभागाच्या इमारतीतल्या एखाद्या मशीनवर पाठवत राहा, म्हणजे सर्व्हर रूमला काही झालं तरी काट्याच्या नोंदी हाताशी राहतील.

पंचगंगाकाठ

विक्रेत्याला एनव्हीएमई बॅकप्लेनसह सुधारित कोटेशन मागितलंय. पीएम9ए3 एक आणि 7450 प्रो एक, दोन्ही 960 जीबी, एमडीएडीएमवर रेड 1. शेती विभागाकडे एक जुना सर्व्हर आहे, आर्काइव्ह तिथे जाईल. मोळीपूजनाच्या आधी सगळं बसवून, भरल्या-रिकाम्या गाड्यांची नक्कल चालू असताना सर्व्हरची वीज मुद्दाम तोडून बघणार आहे. छापलेली प्रत्येक पावती डेटाबेसशी ताडून निकाल इथेच लिहितो.