अनुभव धागा: पडद्याला दाद

निवांत_कोथरूड
काल माळा आवरताना बाबांची सतरंजी सापडली. रमणबागेत सवाई गंधर्व संगीत महोत्सव असायचा तेव्हाची, एका कोपऱ्यावर चहाचा डाग तसाच. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण एका डिसेंबरात बाबांचा गुडघा धरला होता, म्हणून सोबतीला 'षड्ज'ला गेले. राहुल टॉकीजजवळच्या सवाई गंधर्व स्मारकात सकाळी माहितीपट दाखवतात, तिथे. गुलजारांनी गायक भीमसेन जोशींवर केलेला होता. अकराव्या वर्षी गाणं शिकायला घरातून पळाले, ही गोष्ट लहानपणापासून बाबांकडून ऐकून पाठ. कंटाळणार अशी खात्रीच होती. आणि मग अंधारात बाबा माझ्याच गुडघ्यावर ताल धरायला लागले. भीमसेनजी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आले तशी पुढच्या चार रांगांनी एकदम 'वा!' म्हटलं. पडद्याला! गाणारा माणूस जाऊन वर्षं झालेली, आणि ही माणसं त्याला दाद देतायत. मीही मान हलवली. का ते विचारू नका.
तुमचेही असे अनुभव लिहा. सिनेमा कुठलाही चालेल, गाणं हवं.

पेठेतला_अण्णा
'षड्ज'मध्ये ड अर्धा, हे बरोबर लिहिल्याबद्दल आधी अभिनंदन. लोक षडज लिहितात.

मुक्ता७७
गायिका किशोरीताई आमोणकरांवरचा माहितीपट 'भिन्न षड्ज', अमोल पालेकर-संध्या गोखल्यांचा. शेजारच्या काकूंनी वेफर्सचं पाकीट अर्धं फोडलं होतं. ताई पडद्यावर आल्या आणि काकूंनी ते तसंच पर्समध्ये ठेवून दिलं. मध्यंतरात म्हणाल्या, "अहो, आवाजाने त्या गायच्या थांबल्या असत्या तर?" 😄

चहा_कमी_साखर
@मुक्ता७७ मेले हसून!! थांब, कुकर झाला. येते.

डेक्कनचा_दिनू
आमच्याकडे उलटं. महोत्सव कुठला ते सांगत नाही. सभागृहात तानपुरा चालू आहे की एसी, शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारचे काका गंभीरपणे म्हणाले, "एसी काळी एकच्या सुरात लागलाय."

सांगवीकर
पिफला (पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) रांगेत दीड तास उभा होतो, आत गेल्यावर झोपलो. हाच माझा अनुभव. पण घोरलो सुरात, असं बायको म्हणते.

वर्षा_ओक
क्यूबाच्या म्हाताऱ्या वादकांवरचा विम वेंडर्सचा, १९९९चा. सासऱ्यांना ओढून नेलं होतं. त्यातले इब्राहिम फेरर सत्तरीच्या आसपास, गाणं सोडून बूट पॉलिश करत होते, आणि कुणीतरी शोधून परत गायला बसवलं. भाषा कळत नव्हती, सबटायटलं वाचायला सासऱ्यांनी चष्मा आणला नव्हता. तरी हलले नाहीत. घरी येताना रिक्षात गप्प. लकडी पूल ओलांडल्यावर म्हणाले, "लक्ष्मी रोडच्या बँडवाल्यांवर कुणी असा काढेल का गं?" ते स्वतः कॉलेजात क्लॅरिनेट वाजवायचे, हे मला लग्नानंतर बारा वर्षांनी त्या रिक्षात कळलं. आता क्लॅरिनेटची पेटी उघडलीय, पण तोंडाशी लावायची पट्टी, म्हणजे रीड, मिळत नाहीये. पुण्यात कुठे मिळेल?

डेक्कनचा_दिनू
@वर्षा_ओक बँडवाल्यांनाच विचारा की. त्यांना नक्की माहीत असणार. काकांना नमस्कार सांगा.

जुना_श्रोता
ध्वनिमुद्रित गाण्याला दाद ही नवीन गोष्ट नाही. भीमसेनजींनी १९५३ साली गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला आणि सांगता अजूनही त्या गुरूंच्याच ध्वनिमुद्रिकेने होते. त्या वेळी मंडपात बघा. खुर्च्या आवरायला आलेली मुलंसुद्धा थांबतात. एकदा मी पहाटे तिथेच रडलोय, पण तेव्हा झोपही झाली नव्हती, त्यामुळे श्रेय कुणाला द्यावं कळत नाही.

चहा_कमी_साखर
आले. आमटी करपली या धाग्यापायी. माझा अनुभव रात्री लिहिते.

सांगवीकर
आमटी कसली होती?

चहा_कमी_साखर
कटाची 😭

निवांत_कोथरूड
सगळं बाबांना वाचून दाखवलं. वेफर्सवर हसले. एसीवर मात्र विचारात पडले. म्हणाले, "काळी एक नसणार, पांढरी दोन असेल. त्याला परत ऐकायला सांग."

पेठेतला_अण्णा
सतरंजीला दोन दिवस ऊन दाखवा. डाग काढू नका.