ॲबी लिंकनची किंकाळी तुम्हाला का सोसत नाही?

खर्ज
'जॅझमध्ये राजकारण घुसलं आणि संगीत गेलं' अशी पोस्ट परवा या फोरमवर वाचली. निमित्त ड्रमवादक मॅक्स रोचच्या 'वी इन्सिस्ट!' (१९६०) या रेकॉर्डमधल्या तुकड्याचं. शब्द नाहीत, नुसते ड्रम आणि गायिका ॲबी लिंकनचा आवाज. तो मध्येच गाणं सोडून सरळ किंचाळायला लागतो. पोस्टकर्ते म्हणतात, ऐकवत नाही. अहो, ऐकवू नये म्हणूनच आहे ते!

आणि राजकारण 'घुसलं' कधी? न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या कॉटन क्लबात वाजवणारे काळे, टेबलांवर गोरे. न्यूयॉर्कमध्ये दारू मिळते तिथे वाजवायचं तर पोलिसांचं कार्ड लागायचं. गायिका बिली हॉलिडेचं कार्ड १९४७ मध्ये गेलं, ते मरेपर्यंत परत मिळालं नाही. तुरुंगवास भोगून झाला होता तरी. ऑगस्ट १९५९ घ्या. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही रेकॉर्ड नुकतीच बाजारात आलेली, न्यूयॉर्कच्या बर्डलंड क्लबच्या दारावर त्याचं नाव, आणि तो स्वतः दोन सेटच्या मध्ये बाहेर उभा. पोलीस म्हणाला, चल, पुढे हो. हा हलला नाही, तर डोकं फोडलं. आता या माणसाने 'शुद्ध' वाजवायचं?

पहिली बेल
पोस्ट माझी. मी नावं प्रचाराला ठेवली होती, नीट वाचा. जॅझवाल्या चार्ल्स मिंगसने आर्कन्सॉच्या गव्हर्नर फॉबसवर रचना केली. तिथल्या लिटल रॉकच्या गोऱ्यांच्या शाळेत नऊ काळी मुलं शिरू नयेत म्हणून सैनिक उभे करणारा तोच तो. १९५९ साली कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने शब्द गाऊ दिले नाहीत, आणि ते नुसतं वाजवलेलं मला शब्दांसकट असलेल्यापेक्षा जास्त झोंबतं. नाटकातही तसंच. 'मा रेनीज ब्लॅक बॉटम'मध्ये रेकॉर्डिंगला आलेली गायिका मा रेनी कोकाकोला हातात पडेपर्यंत गात नाही. मालक कोण, गरज कुणाला, सगळं कळतं. ओरडायची गरज काय?

तळटीप
मा रेनी म्हणजे ब्लूज. जॅझ नव्हे.

खर्ज
@पहिली बेल, आणि त्याच नाटकात ट्रम्पेटवाला लेव्ही आईवर गोऱ्यांनी केलेला अत्याचार सांगतो, ते काय कुजबुजत?

साष्टीकार
त्याच लेव्हीची गाणी स्टुडिओचा मालक पाच-पाच डॉलरला उचलतो. आमच्याकडे काय वेगळं झालं? चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा. हिंदी सिनेमातल्या गाण्यांची अरेंजमेंट गोंयकारांनी बांधायची, पडद्यावर मोठं नाव दुसऱ्याचं. यावर कुणी धागा काढत नाही!

ऑरेंज सिटी
नाटकाचं काढलंच आहे तर लोरेन हॅन्सबेरी कशी विसरलात? 'अ रेझिन इन द सन', ब्रॉडवे, १९५९. शिकागोच्या साउथ साइडचं काळं कुटुंब बापाच्या विम्याच्या पैशातून गोऱ्या वस्तीत घर घेतं. त्या वस्तीच्या रहिवाशांतर्फे लिंडनर हॅट हातात धरून येतो, फार गोड बोलतो, आणि घर आम्हालाच परत विका म्हणतो. हॅन्सबेरीबाईंच्या वडिलांनीही १९३७ मध्ये गोऱ्या वस्तीत घर घेतलं होतं. जमाव आला, वीट आली, खटला सुप्रीम कोर्टात गेला.

मला लिंडनर पुण्यात भेटला. सोसायटीचा सेक्रेटरी. चहा दिला. 'आडनाव काय म्हणालात?' सांगितलं. 'मूळ गाव?' तेही सांगितलं. बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवत म्हणाला, 'मालक सध्या परदेशी आहेत, कळवतो.' मालक खाली पार्किंगमध्ये स्कूटर पुसत होता.

निवृत्त चिटणीस
झालं, सगळं आलं सोसायट्यांवर! मी नऊ वर्षं चिटणीसकी केली आहे. सुकटीच्या वासावरून भांडणं कुणी मिटवायची? प्रश्न खाण्याचा असतो, जातीचा नाही.

ऑरेंज सिटी
मी शाकाहारी आहे, काका.

निवृत्त चिटणीस
मग तसं आधी सांगायचं ना त्यांना.

ऑरेंज सिटी
त्याने आडनाव विचारलं, जेवण नाही. की आडनावासोबत आठवड्याचा मेनू जोडायचा असतो? १९७२ मध्ये मुंबईतल्या पोरांनी पँथर हे नाव अमेरिकेतून उगाच नाही उचललं.

गिरगावकर
आणि मुंबईत मराठी माणसाला 'नॉनव्हेज' म्हणून घर नाकारतात, तेव्हा हे सगळे कुठे असतात?

साष्टीकार
सुकटीला नावं ठेवणाऱ्यांनी कोकणात, गोव्यात सुट्टीला येऊ नये.

निवृत्त चिटणीस
मी सुकटीला नावं ठेवली नाहीत!! विपर्यास करायची सवय लागली आहे इथे लोकांना.

खर्ज
मंडळी, ॲबी लिंकन राहिली बाजूला. पहिली बेल, लेव्हीच्या स्वगताचं काय झालं?

पहिली बेल
बरं, ते स्वगत मान्य. तिथे मला चालतं, कारण त्याआधी तो नव्या बुटांवरून फुशारक्या मारत असतो, माणूस ओळखीचा झालेला असतो. रेकॉर्डवर ती ओळख कोण करून देणार? तरी तुमच्या आग्रहाखातर ती किंकाळी पुन्हा ऐकतो. हेडफोन लावून. नाहीतर कुणीतरी चिटणीस बेल वाजवायचे.

निवृत्त चिटणीस
टोमणा कळला. रात्री दहानंतर हेडफोन लावावाच.

तळटीप
ब्लूजचं मी बोललो, त्यावर कुणी काही म्हणणार आहे का?