टेनिस एल्बो: रॅकेट बदलू, बॅकहँड बदलू की इंजेक्शन घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वय 46, उजवा हात, मुक्काम पुणे. टेनिस चाळिशीनंतर सुरू केलं, त्यामुळे शैली वगैरे काही नाही. आठवड्यातून चार दिवस सकाळी डबल्स. बॅकहँड एका हाताने मारतो, कारण दिसायला छान दिसतो (असं मला वाटतं).

गेले चार महिने उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला, हाडाचा उंचवटा लागतो ना, त्याच्या किंचित पुढे दुखतंय. गंमत अशी की खेळताना फारसं जाणवत नाही. खरी कळ येते घरी. सांडशीने दुधाचं पातेलं उचललं की कोपरापासून मनगटापर्यंत झणका जातो. परवा पातेलं सुटता सुटता राहिलं. टॉवेल पिळता येत नाही, स्कूटर सुरू करून मूठ पिरगाळली तरी दुखतं. तीच भाजीची पिशवी तळहात वर करून उचलली तर काही नाही.

जानेवारीत नवी रॅकेट घेतली. जुनी 305 ग्रॅमची होती, ही 280 ची. म्हटलं हलकी आहे, हाताला बरी. दुकानदाराने पॉलिएस्टरचं गटिंग (रॅकेटच्या जाळीच्या तारा) 57 पौंडांच्या ताणावर करून दिलं, "हल्ली सगळे हेच वापरतात" म्हणाला. दुखणं सुरू झालं मार्चच्या सुमारास.

ऑर्थोपेडिक म्हणाले टेनिस एल्बो, स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्या. क्लबातला मार्कर (सभासदांबरोबर खेळणारा सराव-सोबती) म्हणतो, "साहेब, बॅकहँड दोन हातांनी मारा, विषय संपला." बायको म्हणते, आधी पातेलं दोन हातांनी उचल. यापैकी कोणाचं ऐकू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद: नेटजवळचा

इंजेक्शनचा स्वानुभव सांगतो. तीन दिवसांत दुखणं गायब, तीन आठवडे राजासारखा खेळलो आणि दुसऱ्या महिन्यात पहिल्यापेक्षा वाईट अवस्था. माझ्या फिजिओने नंतर सांगितलं की हे नेहमीचंच आहे. त्याने लवकर आराम पडतो, पण दुखणं उलटण्याचं प्रमाणही जास्त. घेऊच नका असं म्हणत नाही, पण तो पहिला उपाय नक्कीच नाही.

आणि ते पॉलिएस्टर आजच्या आज कापून टाका. ते ज्यांचा स्विंग वेगवान आहे, ज्यांना बॉल कोर्टात ठेवायला भरपूर टॉपस्पिन (बॉलला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी) लागतो त्यांच्यासाठी. आपल्यासारख्यांच्या हाताला त्याचा नुसता दणका बसतो. शिवाय काही आठवड्यांत ते मरतं, म्हणजे त्याची लवचीकता जाते, तुटत मात्र नाही, म्हणून आपण वर्षभर तेच वापरतो. मऊ मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची तार) घ्या, 50 पौंडांच्या आसपास. हलकी रॅकेटही हाताला बरी असते हा गैरसमज. वजन कमी असलं की बॉलचा धक्का रॅकेट कमी पेलते, उरलेला हात पेलतो.

प्रतिसाद: दवबिंदू

मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता निदान करत नाही, पण तळहात खाली असताना दुखतं आणि वर असताना नाही, ही खूण अगदी ठरलेली. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या त्या हाडाला चिकटतात, तिथला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) झिजलेला असतो. याच्या वैद्यकीय नावात, लॅटरल एपिकॉन्डिलायटिसमध्ये, 'आयटिस' म्हणजे सूज असली तरी जुन्या दुखण्यात सूज फारशी नसते, म्हणून गोळ्या आणि बर्फ यांनी तात्पुरतंच बरं वाटतं. टेंडनला हळूहळू वजनाची सवय लावावी लागते.

हात टेबलावर, पंजा कडेबाहेर, तळहात खाली. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली धरा. डाव्या हाताच्या मदतीने उजवं मनगट वर न्या, मग डावा हात काढून चार-पाच आकडे मोजत सावकाश खाली सोडा. पंधरा वेळा, असे तीन फेरे, रोज. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी वाढलेलं असेल तर वजन कमी करा. पट्टा बांधणार असाल तर हाडावर नको, दोन बोटं खाली, स्नायूवर. धीर धरा, याला आठवडे नाही, महिने लागतात. बोटं बधिर होत असतील किंवा मान दुखत असेल तर मात्र पुन्हा डॉक्टरांना दाखवा.

प्रतिसाद: कट्टेकरी

अवांतर: 2004 मध्ये सचिनच्या डाव्या कोपराने अख्ख्या महाराष्ट्राला हा आजार शिकवला. आमच्या आजीला टेनिसचा बॉल माहीत नव्हता, पण टेनिस एल्बो माहीत होता!

प्रतिसाद: बेसलाइन

दुखतं कोपर, चूक बहुधा खांद्यात. समोरून नाही, बाजूने व्हिडिओ काढा आणि बॉल रॅकेटला लागतो त्या क्षणी थांबवून बघा. कोपर नेटकडे रोखलेलं आहे का? मनगट आत मुडपलंय का? बॉल पुढच्या पायाच्या पुढे आहे की पोटाशी?

मूळ धागाकर्ता

बघितलं. लाज वाटली. बॉल पोटाशी, कोपर पुढे, मनगट मुडपलेलं, पाठ भिंतीला टेकल्यासारखी सरळ. म्हणजे मी खांदा वळवतच नाही, उशीर झाला की मनगटाने झटका देतो. पकडही फोरहँडचीच राहते.

प्रतिसाद: बेसलाइन

मग सगळं सापडलं की. फोरहँडच्या पकडीने बॅकहँड मारायचा तर मनगट मुडपावंच लागतं. आणि मुडपलेल्या मनगटावर धक्का बसला की तेच स्नायू ताणले जातात. डाव्या हाताने रॅकेटचा गळा धरा, त्याच हाताने रॅकेट मागे न्या. खांदा आपोआप वळेल आणि पकड बदलायला वेळही मिळेल. तर्जनीचं मूळ हँडलच्या वरच्या सपाट बाजूवर यायला हवं. दोन हातांचा बॅकहँड कोपराला सोपा हे खरं, कारण धक्का वाटला जातो. पण 46 व्या वर्षी नवा फटका शिकण्यापेक्षा आहे तो वेळेवर मारा. तोवर बॅकहँडला स्लाइस (बॉल खालून कापत मारायचा फटका), तोही पुढे येऊन.

सर्व्हिस कशी चाललीये?

मूळ धागाकर्ता

तेच विचारणार होतो. कोपर वाचवायला रॅकेट पूर्ण मागे न नेता अर्ध्यातून सर्व्हिस करतोय, आता खांदा मागून धरायला लागलाय.

प्रतिसाद: बेसलाइन

ते ताबडतोब थांबवा. रशियन टेनिसपटू मारिया शारापोव्हाने 2008 मध्ये खांद्याची शस्त्रक्रिया झाल्यावर अशीच आखूड सर्व्हिस आणली होती. डबल फॉल्टचा पाऊस पडला, शेवटी जुन्या पद्धतीवर गेली. पाय आणि कंबर यांचं काम खांद्याने केलं की तो बोलणारच. महिनाभर सर्व्हिस जोडीदाराला द्या.

मूळ धागाकर्ता

धागा वर काढतोय, नऊ आठवडे झाले. इंजेक्शन घेतलं नाही. बाटली आता एक लिटरची. पहिले तीन आठवडे काडीचा फरक नव्हता, दवबिंदूताईंवर मनातून रागावलो होतो. आता दुधाचं पातेलं उजव्या हाताने उतरतं, टॉवेल मात्र अजून बायको पिळते. खांदा पंधरा दिवसांत गप्प झाला. बॅकहँड दहातला सहा वेळा पुढे लागतो, उरलेले चार मार्कर मोठ्याने मोजतो.

जुनी 305 ची रॅकेट मुलाला दिली होती, ती परत मागून घेतली. बदल्यात त्याला नवी हवी होती. दिली, पण गटिंग कापून.