युद्ध लागलं की यहेज्केल उघडणाऱ्यांना

राजेळी:
जून 2025 मध्ये इस्राएल आणि इराण बारा दिवस लढले, तेव्हापासून एक पोस्ट फिरतेय. परवा ती आमच्या प्रार्थनागटात पुन्हा आली. रात्रीच्या आभाळातून पडणारी क्षेपणास्त्रं, खाली बायबलमधल्या यहेज्केलचा 38वा अध्याय (शेवटच्या काळातल्या युद्धाचं भाकीत), त्यातला 'पारस', म्हणजे इराण, हा शब्द लाल रंगात, आणि शेवटी "बंधुभगिनींनो, घाबरू नका, आनंद करा, वेळ जवळ आली!" त्याखाली चाळीसेक आमेन.

आनंद कसला करायचा, ते कुणीतरी सांगा.

गाझात एकच कॅथलिक चर्च आहे, पवित्र कुटुंबाचं. पोप फ्रान्सिस युद्ध सुरू झाल्यापासून जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे फोन करायचे. आज काय जेवलात, असं विचारायचे. शेवटचा फोन त्यांनी केला आणि दोन दिवसांनी, 21 एप्रिल 2025 ला, ते गेले. 17 जुलैला त्याच चर्चवर इस्राएली तोफगोळा पडला. तिघं गेले, फादर रोमानेल्लींच्या पायाला लागलं. चुकून पडला म्हणे. ती बातमी मी त्याच गटात टाकली होती. आमेन किती आले? मोजले मी. सहा.

दुसरं सांगतो, घरचं. 1999 साली आमचे काका एका प्रार्थनासभेला जायला लागले. 2000 उजाडणार नाही, असं तिथे पक्कं ठरलं होतं. काकांनी त्या वर्षी वाडीत राजेळी केळी लावलीच नाही. "लोंगर यायला वर्ष लागतं, खायला असणार कोण?" पुढच्या वर्षी नाताळात पाहुण्यांसाठी सुकेळी, राजेळीचीच सुकवलेली केळी, विकत आणली. वसईतल्या बागायतदाराच्या घरात विकतची सुकेळी! काकी आजही तो विषय निघाला की ओटा पुसायला लागते.

तेल_भरून_ठेवा:
दादा, काका चुकले म्हणून शास्त्र चुकलं का? तारीख सांगणारे खोटे, हे मीही म्हणते. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, मत्तय 24 मला पाठ आहे. पण त्याच अध्यायात अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला हे ओळखा, असं प्रभूच म्हणतो. एकोणीस शतकं ज्यांना देश नव्हता त्या ज्यूंना 1948 ला देश मिळतो, आणि तुम्हाला त्यात काहीच दिसत नाही? अब्राहामाला दिलेलं वचन मागे घेतल्याचं कुठे लिहिलंय, दाखवा. राग मानू नका, पण कॅथलिक घरांत बायबल शोकेसमध्ये असतं, लग्नातल्या फोटोशेजारी.

राजेळी:
शोकेसमध्ये? आमच्या फादर दिब्रिटोंनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. 'सुबोध बायबल' नाव त्याचं. आमच्या घरातल्या प्रतीची पाठ सुटलीये, चिकटपट्टी लावून वापरतो.

आणि ताई, तुम्ही ज्याला शास्त्र म्हणताय ती शेवटच्या काळाची मांडणी डार्बी नावाच्या इंग्रजाने 19व्या शतकात केली. 1909 च्या स्कोफिल्ड बायबलने ती तळटीपांत घालून घरोघरी पोचवली. तळटीप म्हणजे देववचन नव्हे. 1991 च्या आखाती युद्धातही सद्दाम बायबलमधलं बाबेल (बॅबिलोन) पुन्हा बांधतोय म्हणून हेच चाललं होतं. सद्दाम गेला, बाबेलचा विषयही गेला.

चाळकरी ठाणे:
दोघांनाही एक विचारते. आमच्या शेजारी बेने इस्राएलांचं, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंचं, घर होतं. आजी त्यांना शनवार तेलीच म्हणायची. घरात काही चांगलं झालं की मलिदा व्हायचा, पोहे-खोबरं-गूळ, आणि एक वाटी आमच्याकडे यायची. ते लोक आता इस्राएलमध्ये अश्दोदला आहेत. मावशी अजून मराठीत फोन करते. 7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यानंतर म्हणाली, "सायरन वाजला की गॅस बंद करायचा आणि जिना गाठायचा. गुडघ्यांना कोण विचारतो?" तिचा नातू तेव्हा सैन्यात होता.

राजेळी, तुमच्या त्या सहा आमेनांत मावशीसाठी एक तरी होतं का? आणि तेलवाल्या ताई, मावशी भाकीत नाही हो. तिला कुठल्या अध्यायाची पूर्तता करायची नाहीये. तिला पेन्शन घ्यायचीये.

राजेळी:
नव्हतं. बरोबर आहे. (पण मी युद्धाच्या बाजूने आमेन म्हणणाऱ्यांबद्दल बोलत होतो, हेही बघा.)

भिंगारकर:
वाचून करमणूक झाली. एकाला गाझा, एकीला अश्दोद, एकीला थेट स्वर्ग. मध्ये आमचं नगर कुठे लागत नाही का?

आमच्या मंडळीत दर रविवारी जगाच्या शांतीसाठी प्रार्थना होते. वयाची चाळीस वर्षं उपासनेला जातोय, 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाबद्दल एकदाही झालेली ऐकली नाही. अनुसूचित जातीत फक्त हिंदू, मग 1956 ला शीख, 1990 ला बौद्ध. ख्रिस्ती झालात तर तुमची जात कागदावरून पुसली, गावातून नाही. 2007 ला रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. 2022 ला बालकृष्णन आयोग नेमला. आयोगावर आयोग. याला कुठला अध्याय लावता, तेल_भरून_ठेवा?

तेल_भरून_ठेवा:
भाऊ, विषय वेगळा आहे. नवा धागा काढा ना.

भिंगारकर:
आमचा विषय नेहमीच नव्या धाग्यात जातो.

राजेळी:
मुद्दा रास्त आहे, पण याचं खापर आमच्या माथी का? चर्चमध्ये जातपात नाही. वसईत तरी एकाच बाकावर बसतो सगळे.

भिंगारकर:
बाकावर बसता हो. पाटावर बसता का?

बहिणीला स्थळ आलं होतं, तुमच्याच बाजूचं. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत. आम्ही प्रोटेस्टंट, ते कॅथलिक, आम्हाला वाटलं तिथे अडेल. वडील तर पाळकसाहेबांशी बोलून उत्तरं तयार ठेवून बसले होते. ते कुणी विचारलंच नाही. मुलाच्या आईने कप बशीत ठेवला आणि म्हणाली, "नगरकडचे म्हणजे... आधीचे कोण?" पणजोबांचा बाप्तिस्मा होऊन शंभर वर्षं झाली होती. वडील म्हणाले, "आधीचे पापी." ती हसली नाही. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. ख्रिस्ती माणसाची पत्रिका!

राजेळी:
एका बाईवरून अख्खी वसई रंगवू नका. सामवेदी, वाडवळ, कोळी, आमच्या रीती वेगळ्या, बोली वेगळ्या, त्या जपतो इतकंच. त्याला जातीयवाद म्हणायचं असेल तर म्हणा. आमच्या लोकांनी पाण्यासाठी, हिरव्या वसईसाठी गुंडांशी पंगा घेतलाय, सगळ्यांना बरोबर घेऊन. तुम्ही तेव्हा कुठे होतात?

भिंगारकर:
नगरला. दुष्काळात. पाण्याचं तुम्ही आम्हाला सांगणार?

चाळकरी ठाणे:
अहो आवाज कमी करा. आणि राजेळी, "बोली जपतो" हे उत्तर नाही. प्रश्न "आधीचे कोण" हा होता.

तेल_भरून_ठेवा:
मी या वादात पडणार नव्हते. पण माझे सासरे मराठवाड्यातले. त्यांच्या गावात चर्च दोन आहेत. मिशन एकच, पंथ एकच, उपासनेची वेळही एकच. दोन का, हे सासऱ्यांनी कधी सांगितलं नाही आणि लग्नानंतर वर्षभरात मला कळलं. एवढंच.

भिंगारकर:
ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आमेन, आणि हे टोमण्याने म्हणत नाहीये.

राजेळी:
रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितो. माझ्या चुलतभावाने जालन्याची मुलगी केली. ख्रिस्तीच, नर्स आहे. लग्नाच्या दिवशी आळीतल्या चार घरांनी "पाय दुखतात" म्हणून कळवलं. चारही घरांचे पाय एकाच दिवशी दुखले. मी तेव्हा जेवण वाढत होतो, चार पंगतींचा अंदाज चुकला म्हणून आचाऱ्यावर ओरडलो. कारण मला ठाऊक होतं.

घ्या. खूश?

भिंगारकर:
खूश कशाला. बहिणीचं नाशिकला झालं, दोन मुलं आहेत. पण लिहिलंस ते बरं केलंस.

राजेळी:
या रविवारी मिस्सात विश्वासूंच्या प्रार्थना वाचायची पाळी आमच्या वाडीची आहे. पाच असतात. एक पोपसाहेबांसाठी, एक आजाऱ्यांसाठी, एक मृतांसाठी, त्यांना हात लावता येत नाही. उरल्या दोन. एकीत गाझा आणि अश्दोद एकत्र घालतो, चाळकरी ताईंच्या मावशीसह. दुसरीत 1950. फादर म्हणतील राजकारण नको, तर बघू.

तेल_भरून_ठेवा:
आणि प्रभूच्या येण्यासाठी?

राजेळी:
ते श्रद्धाकथनात दर रविवारी म्हणतोच, ताई. तेवढं आमच्या शोकेसमध्येही आहे.

भिंगारकर:
दुसरी वाचताना "त्यांच्यासाठी" म्हणू नकोस, "आमच्यातल्या" म्हण. आणि त्या चार घरांपैकी कुणी पुढच्या बाकावर असलं तर जरा मोठ्याने वाच.