मदत हवी आहे: पुलाचं डिजिटल मॉडेल प्रात्यक्षिकात थरथरतंय

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात आमच्या टीमला एका पुलाचं बिम मॉडेल (प्रत्येक भागाची माहिती असलेलं त्रिमितीय डिजिटल मॉडेल) आणि ड्रोन सर्व्हेचा पॉइंट क्लाउड (मोजलेल्या असंख्य बिंदूंचा त्रिमितीय संच) मोठ्या स्क्रीनवर एकत्र दाखवायचाय. डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही अगदी चपखल बसतात. पण व्ह्यूअरमध्ये बेअरिंगजवळ (पुलाचा गाळा खांबावर ज्यावर टेकतो तो आधार) झूम केलं की कडा थरथरतात, बोल्ट जागेवरून उड्या मारतात.

माझा संशय को-ऑर्डिनेट्सवर आहे. आमचं नॉर्दिंग (उत्तर दिशेचा को-ऑर्डिनेट) २० लाख मीटरच्या आसपास आहे. व्ह्यूअर बहुधा वापरतो त्या ३२ बिट फ्लोटला (संगणकात दशांश आकडे साठवायची एक पद्धत) जेमतेम ७ अंकांची अचूकता असते, म्हणजे एवढ्या मोठ्या आकड्यावर दोन बिंदूंमधलं अंतर १२ सेंटीमीटरच्या खाली जातच नाही. बोल्ट त्याहून लहान!

ओरिजिन (शून्य बिंदू) पुलाजवळ आणून फरक आयएफसीच्या (बिम मॉडेलचा खुला फाइल फॉरमॅट) मॅप कन्व्हर्जनमध्ये, म्हणजे मॉडेलला नकाशाच्या को-ऑर्डिनेट्सशी जोडणाऱ्या नोंदीत, ठेवायचा विचार आहे. कुणी हे केलंय का? पॉइंट क्लाउडही तेवढाच सरकवावा लागेल, पण तो तुम्ही एक्स्पोर्टच्या आधी सरकवता की नंतर? आमच्या कंट्रोल पॉइंट्सची (जागेवर नेमके मोजलेले संदर्भ बिंदू) अचूकता २ सेंटीमीटरची आहे, ती वाया जाऊ द्यायची नाहीये.

आणखी एक. बघायला येणाऱ्यांत पुलाची देखभाल करणारे लोक आहेत. त्यांना नुसतं फिरणारं चित्र दाखवून काय उपयोग? बेअरिंगवर क्लिक केल्यावर मागच्या तपासणीचा फोटो उघडावा, असं मनापासून वाटतं. सोपा मार्ग असेल तर कृपया सांगा.